सेलिया क्रूस : अठ्ठेचाळिसाव्या वर्षी राणी झालेली गायिका

मूळ लेख

हवानातल्या एका रेडिओ केंद्रावर १९४०च्या दशकात हौशी गायकांची स्पर्धा भरत असे आणि पहिला येणाऱ्याला बक्षीस म्हणून केक मिळत असे. शिक्षिका होण्यासाठी शिकत असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीचे नाव तिच्या नात्यातल्या भावाने त्या स्पर्धेत घातले. तिने एक टँगो गायला, गाताना क्लावे नावाच्या दोन लाकडी दांड्या हातात घेऊन ठेका धरला आणि केक घेऊन ती घरी आली. टँगो हा अर्जेंटिनाचा, विरहाने भिजलेला प्रकार. क्यूबातल्या क्लावेशी त्याचे काही देणेघेणे नाही. तरीही परक्या मुलखातले गाणे गाताना या मुलीला आपल्या गल्लीचा ठेका हातातून सोडवला नाही. सेलिया क्रूसच्या पुढच्या अर्धशतकाहून मोठ्या कारकिर्दीकडे मी याच एका प्रसंगातून पाहतो, आणि हा धागा काढण्याचे कारणही तेच आहे. (आडनाव अनेकजण 'क्रूझ' असे लिहितात. तिच्या मुलखातला उच्चार 'क्रूस' असल्यामुळे मी तो ठेवला आहे. शिवाय लताला आणि आशाला आपण जसे एकेरीच म्हणतो, तसे सेलियालाही येथे एकेरी म्हटले आहे.)

तिला जग 'साल्साची राणी' म्हणून ओळखते. साल्सा म्हणजे क्यूबन पायावर न्यूयॉर्कमध्ये वाढलेले लॅटिन नृत्यसंगीत. परंतु ती ज्या ध्वनिमुद्रिकेमुळे त्या पदावर बसली ती १९७४ सालची आहे, आणि तेव्हा सेलिया ४८ वर्षांची होती. त्याआधी ती एकदा आपल्या देशात मोठी झाली होती, देश सुटल्यावर मागे पडली होती आणि न्यूयॉर्कमधल्या तरुण लॅटिन श्रोत्यांच्या लेखी तर ती आईवडिलांच्या काळातली गायिका झाली होती. लोकप्रिय संगीतात चाळिशीनंतर अशी दुसरी चढण सहसा कोणाला मिळत नाही. मिळालीच, तर नव्या चालीशी आवाज जुळवून घेतल्यामुळे मिळते. सेलियाच्या बाबतीत मला उलटे दिसते. ती होती तेथेच राहिली आणि नवी पिढी फिरून तिच्यापाशी आली.

सुरुवात थोडक्यात सांगतो. तिचा जन्म २१ ऑक्टोबर १९२५ रोजी हवानातल्या सांतोस स्वारेस या कष्टकरी वस्तीत झाला. वडील सिमोन क्रूस रेल्वेच्या इंजिनात कोळसा घालण्याचे काम करत. घर सख्ख्या-चुलत भावंडांनी भरलेले होते आणि धाकट्यांना गाऊन निजवणे हे सेलियाचे काम होते. ती गाऊ लागली की मुले निजण्याऐवजी जागी राहत आणि शेजारी दाराशी जमत, असे ती पुढे हसत सांगत असे. पर्यटक जोडप्याने गाणे ऐकून तिला बूट घेऊन दिल्याची गोष्टही तिनेच सांगितलेली आहे. वडिलांना मात्र मुलीने गाण्याच्या धंद्यात पडणे मान्य नव्हते. त्या काळच्या हवानात रात्रीच्या क्लबात गाणाऱ्या बाईकडे कोणत्या नजरेने पाहिले जात असे, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शिक्षिकेची नोकरी हा अब्रूचा मार्ग होता. गंमत अशी की त्या मार्गावरून तिला बाजूला काढले ते एका शिक्षिकेनेच. महिनाभर शिकवून मला जे मिळते ते तू एका दिवसात गाऊन मिळवशील, असा तिच्या सांगण्याचा आशय होता. सेलियाने ते मनावर घेतले आणि हवानाच्या संगीत विद्यालयात प्रवेश घेतला.

पुढची काही वर्षे ती मिळेल तेथे गात होती. रेडिओ केंद्रांवर गायली, 'लास मुलातास दे फुएगो' या नृत्यपथकाबरोबर मेक्सिको आणि व्हेनेझुएलाला जाऊन आली. याच काळात तिने लुकुमी भाषेतली, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांच्या वंशजांनी जपलेली पूजागीतेही बाता ढोलांच्या साथीने गायली. ती स्वतः कॅथलिक होती. या गीतांतून तिच्या गळ्यात काय उतरले ते पुढच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येते. शब्द तोंडातून बाहेर पडतो तो अर्थ सांगण्यासाठी आणि त्याच वेळी ढोलावर थाप पडावी तसा आघात करण्यासाठी. स्पॅनिशचा गंध नसलेल्या श्रोत्यालाही तिचे गाणे पकडून ठेवते, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

१९५० साली 'ला सोनोरा मातान्सेरा' या नावाजलेल्या वाद्यवृंदाची पोर्तोरिकन गायिका मिर्ता सिल्वा मायदेशी परतली आणि तिच्या जागी सेलियाला बोलावले गेले. हा वृंद १९२४ पासून चालत आलेला आणि श्रोत्यांच्या सवयीचा होता, त्यामुळे नव्या गायिकेविरुद्ध रेडिओ केंद्राकडे तक्रारीची पत्रे येऊ लागली. वृंदाचे प्रमुख रोहेलिओ मार्तीनेस यांनी ती पत्रे बाजूला ठेवली. न्यूयॉर्कच्या सीको कंपनीच्या मालकाचे मत असे होते की बाईने गायलेल्या रुम्बाच्या तबकड्या खपत नाहीत. मार्तीनेस यांनी तेथेही तिची बाजू लावून धरली आणि पहिली तबकडी निघाली. ती खपली. सेलिया या वृंदाबरोबर पंधरा वर्षे राहिली. ग्वाराचा हा चटपटीत, चावट शब्दांचा आणि द्रुत लयीचा प्रकार तिने असा काही आपलासा केला की लोक तिला 'ला ग्वाराचेरा दे कूबा', क्यूबाची ग्वाराचा गाणारी, म्हणू लागले. 'बुरुंदांगा' या गाण्यासाठी सोनेरी तबकडी स्वीकारायला ती १९५७ साली न्यूयॉर्कला गेली. म्हणजे कास्त्रोच्या क्रांतीच्या आधीच ती कॅरिबियन टापूत घराघरांत पोहोचलेली होती. निर्वासित झाल्यावर तिला नाव मिळाले, असे जे कधीकधी लिहिले जाते ते बरोबर नाही.

१५ जुलै १९६० रोजी सोनोरा मातान्सेरा मेक्सिकोच्या करारासाठी हवानातून निघाली. सेलिया त्या विमानात होती. वृंद परतला नाही आणि कास्त्रोच्या सरकारने न परतणाऱ्यांना पुन्हा दार उघडले नाही. ७ एप्रिल १९६२ रोजी तिची आई कर्करोगाने गेली, तेव्हा अंत्यविधीसाठी येण्याची परवानगी सेलियाला नाकारण्यात आली. त्याच वर्षी १४ जुलैला तिने वृंदातला तुतारीवादक पेद्रो नाइट याच्याशी लग्न केले. १९६७ साली पेद्रोने वृंद सोडला आणि तिचे व्यवस्थापन व संगीतसंयोजन हाती घेतले. पिकल्या केसांमुळे ती त्याला 'काबेसिता दे आल्गोदोन', कापसाच्या डोक्याचा, म्हणत असे. घरच्या बाईच्या कर्तृत्वामागे स्वतःचे वादन बाजूला ठेवणारा नवरा त्या पिढीत कोठेही दुर्मीळच म्हणायचा.

१९६६ पासून ती न्यूयॉर्कमध्ये तीतो पुएन्ते या नावाजलेल्या वृंदप्रमुखाबरोबर ध्वनिमुद्रिका करू लागली. कागदावर याहून चांगली जोडी सापडणार नाही. 'बेम्बा कोलोरा' हे तिचे आयुष्यभराचे गाणे त्याच काळातले आहे. तरीही खप जेमतेमच राहिला. न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन मुलांना तेव्हा रॉक आणि इंग्रजी शब्दांचा बूगालू हा नवा लॅटिन नाच हवा होता. पन्नाशीच्या दशकातली हवाना त्यांना नको होती.

आणि मग १९७३ आले. ब्रुकलिनचा ज्यू पियानोवादक लॅरी हार्लो, ज्याने तरुणपणी क्यूबाला जाऊन तेथले संगीत शिकून घेतले होते, त्याने 'होमी' नावाचा लॅटिन ऑपेरा कार्नेगी हॉलमध्ये सादर केला आणि त्यातल्या एका गाण्यासाठी सेलियाला बोलावले. विशी-तिशीतल्या श्रोत्यांनी तो आवाज प्रत्यक्ष ऐकला. डॉमिनिकन संगीतकार जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासूची यांनी १९६४ साली स्थापन केलेली फानिया कंपनी तोवर या नव्या संगीताचे घर झाली होती. सुरुवातीला मोटारीच्या डिकीतून दुकानोदुकानी तबकड्या पोहोचवणारी ही कंपनी. पाचेको लहानपणापासून सोनोरा मातान्सेराचा भक्त होता. त्याने स्वतःचा वृंदही त्याच घडणीवर बांधलेला होता. त्यामुळे १९७४ साली त्याने सेलियाबरोबर 'सेलिया अँड जॉनी' ही ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा तिच्यासाठी वेगळे काही रचण्याची गरजच पडली नाही. तुताऱ्या, पियानो, बोंगो, कोंगा, समूहस्वर: सगळे तिच्या ओळखीचे. सुरुवातीलाच येते ते 'किम्बारा', जूनिअर सेपेदा या तरुण पोर्तोरिकन गीतकाराचे गाणे. 'किम्बारा किम्बारा कुम्बा किम्बाम्बा' या शब्दांना अर्थ नाही. ते तोंडाने वाजवलेले ढोल आहेत. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई ते ज्या वेगाने आणि ज्या स्पष्टतेने उच्चारते, त्यापुढे साथीदारांची दमछाक होत असेल असे वाटते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आफ्रिकेतल्या झाईरची राजधानी किन्शासा येथे महंमद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या मुष्टियुद्धानिमित्त संगीत महोत्सव झाला. फोरमनच्या डोळ्याला जखम झाल्यामुळे लढत ३० ऑक्टोबरपर्यंत पुढे गेली, परंतु गाणे ठरल्या वेळीच झाले. फानियाच्या कलावंतांबरोबर सेलिया तेथे गायली. त्या चित्रफिती आज सहज पाहता येतात. स्पॅनिशचा एक शब्द न समजणारा अफाट जनसमुदाय तिच्याबरोबर डोलताना पाहिला की तिच्या पूर्वजांकडून जे बळाने नेले गेले होते, त्यातले काहीतरी त्या रात्री परत पोहोचले असे माझ्या मनात येते. हा माझा भाबडेपणा असेल. तो मी मागे घेणार नाही.

पुढचे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून धावते लिहितो. फानियाचा ट्रॉम्बोनवादक विली कोलोन याच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिका, १९८७ साली स्पेनच्या सांताक्रूस दे तेनेरिफेच्या कार्निव्हलमध्ये अडीच लाख श्रोत्यांपुढचा कार्यक्रम, रे बारेटोबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी १९९० साली ग्रॅमी, १९९४ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते राष्ट्रीय कलापदक. १९९८ साली 'ला विदा एस उन कार्नाव्हाल' आले आणि २००१ साली 'ला नेग्रा तिएने तुम्बाओ', ज्यात पंचाहत्तरीची सेलिया रॅपच्या सोबतीने गाते. निळे, नारिंगी, पांढरे केसांचे टोप आणि टाच हवेत तरंगते आहे असे भासवणारे, मेक्सिकोत खास बनवून घेतलेले बूट या काळातल्या श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. त्या झगमगाटामुळे आवाजाकडे दुर्लक्ष होते, अशी माझी तक्रार आहे.

१६ जुलै २००३ रोजी न्यूजर्सीतल्या फोर्ट ली येथे, राहत्या घरी, मेंदूतल्या गाठीच्या आजाराने ती गेली. देश सुटल्याची तारीख १५ जुलै, लग्नाची १४ जुलै आणि मृत्यूची १६ जुलै. चर्चेला सुरुवात करावी, ही विनंती.

प्रतिसाद १

लेख आवडला, परंतु एका ठिकाणी तीव्र मतभेद नोंदवतो. नवी पिढी फिरून तिच्यापाशी आली, असे म्हणताना आपण साल्सा म्हणजे जुनेच क्यूबन संगीत, केवळ नाव नवे, हा सेलियाचा आणि तीतो पुएन्तेचा आवडता दावा नकळत स्वीकारता. पाया 'सोन' या क्यूबन गीतप्रकाराचा आहे हे निर्विवाद. परंतु त्यात पोर्तोरिकोचे बोम्बा आणि प्लेना मिसळले, जॅझचे स्वरमेळ आले, विली कोलोनच्या ट्रॉम्बोनचा ओबडधोबड आवाज आला आणि मुख्य म्हणजे ब्राँक्स व पूर्व हार्लेमच्या रस्त्यांवरचे जगणे आले. एक्तोर लाव्हो किंवा रुबेन ब्लादेस हे साल्साचे गायक जे गात होते ते हवानात कधी गायले गेले नसते. सेलिया या संगीताची राणी झाली हे खरे, पण ते घर तिने बांधलेले नव्हते.

धागालेखक

आपला आक्षेप मान्य आहे, आणि लेखात मी हे स्पष्ट करायला हवे होते. घर पोर्तोरिकन मुलांनीच बांधले. मला म्हणायचे होते ते एवढेच की सेलियाला त्या घरात बसवताना पाचेकोने ट्रॉम्बोनचे न्यूयॉर्क तिच्या भोवती उभे केले नाही. त्याने तिला सोनोराची जुनी बैठक परत दिली. १९७७ साली विली कोलोनबरोबर केलेली ध्वनिमुद्रिका ऐकली तर फरक लगेच जाणवतो. तेथे वाद्यमेळ पूर्णपणे न्यूयॉर्कचा आहे, त्यात 'उस्तेद आबूसो'सारखे मूळ ब्राझीलचे गाणेही आहे, आणि तरी तिचे शब्द टाकणे तसूभर बदललेले नाही.

यात एक राजकीय योगायोगही आहे. १९६२ पासून अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. तोपर्यंत न्यूयॉर्कला हवानातून नव्या तबकड्या, नवे वादक, नवे नाच सतत मिळत असत; तो झरा आटला. पोर्तोरिकन मुलांनी स्वतःची विहीर खणली ती याच तुटवड्यात, आणि झऱ्याच्या अलीकडे राहिलेल्या मोजक्या मोठ्या कलावंतांमध्ये सेलिया होती.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे तबला शिकतो आहे. साल्सा ऐकताना मला सम सापडत नाही आणि त्यामुळे गाणे हातातून निसटते. क्लावे नेमकी कशी मोजावी, हे कोणी आपल्या पद्धतीने समजावून सांगेल का?

धागालेखक

सोळा मात्रा मोजा. पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. पहिल्या आठ मात्रांत तीन आघात येतात आणि दुसऱ्या आठांत दोन, म्हणून या क्लावेला तीन-दोन म्हणतात. गाण्यागणिक ती उलटी, म्हणजे दोन-तीन अशीही धरतात. तीनतालाशी तिची तुलना सोळा या आकड्यापुरतीच ठेवावी. आपल्या ठेक्यात समेकडे येण्याची ओढ असते, येथे तशी एकच सम नाही. तीनच्या बाजूला ताण आणि दोनच्या बाजूला उतारा असा हेलकावा सतत चालतो, आणि बास तर अनेकदा पहिली मात्रा मोकळी सोडून तिच्या आधीच वाजून जातो. तुम्ही सम शोधत आहात म्हणून गाणे निसटते. ती शोधू नका, हेलकाव्यात बसा.

गायिकेचे खरे काम गाण्याच्या उत्तरार्धात, ज्याला मोन्तूनो म्हणतात तेथे सुरू होते. समूह एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतो आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत गायिका तेथल्या तेथे सुचेल ते गाते. याला सोनेओ म्हणतात. कीर्तनात टाळकरी धृपद धरून ठेवतात आणि बुवा मोकळे होतात, त्याची आठवण येथे जरूर येते. 'बेम्बा कोलोरा' या दृष्टीने ऐकावे. समूहाकडे दोन शब्दच आहेत. सेलिया त्या दोन शब्दांच्या भिंतीवर दर वेळी नवा चेंडू मारते आणि एकही चेंडू क्लावेच्या बाहेर पडत नाही.

प्रतिसाद ३

सेलियाचे यश सांगताना ला लूपेचा उल्लेख न होणे मला खटकले. तीही क्यूबन, तीही क्रांतीनंतर न्यूयॉर्कला आलेली, आणि सेलियाआधी तीतो पुएन्तेबरोबर गाजलेली गायिका तीच होती. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कच्या लॅटिन रंगमंचावर ती खऱ्या अर्थाने राज्य करत होती. ती गाताना रडत असे, हसत असे, बूट काढून पियानोवादकाला मारत असे. तिच्या गाण्यात एक उघडी जखम होती. फानियाने तिच्या तबकड्या काढणारी कंपनी ताब्यात घेतल्यावर सगळे बळ सेलियाच्या मागे उभे केले आणि ला लूपे अडगळीत गेली. पुढे गरिबी, बेघरपण, आजारपण हे सगळे तिच्या वाट्याला आले. धर्मप्रचाराकडे वळून १९९२ साली ती ब्राँक्समध्ये वारली. एका कंपनीला एकच राणी परवडत होती, असे म्हणावे लागते. त्याआधी माचितोच्या वृंदात ग्रासिएला तीन दशके गायली, तिचे नाव तर आज अभ्यासकांखेरीज कोणी घेत नाही. मग सेलियाच्या चढणीत तिच्या गळ्याइतकाच हिशेब कंपनीचाही नाही का?

प्रतिसाद ४

वरील प्रतिसादाशी सहमत आहे आणि त्यात एक भर घालतो. सेलिया वेळेवर येत असे, दारू पीत नसे, तिच्याभोवती भानगडी नव्हत्या आणि नवरा हाच व्यवस्थापक होता. साल्साच्या त्या दशकात अमली पदार्थांनी किती कलावंत खाल्ले हे पाहिले, की ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी उभी राहणारी गायिका कंपनीला किती मोलाची वाटली असेल याची कल्पना येते. ला लूपेचे गाणे मला स्वतःला अधिक हलवून सोडते. परंतु चाळीस-पन्नास वर्षे गाणे ही वेगळीच विद्या आहे.

धागालेखक

दोघांचेही म्हणणे रास्त आहे. मी लेखात गळ्यावर भर दिला, कारण सर्वसाधारणपणे त्यावरच कमी लिहिले जाते. पण फानियाच्या पाठबळाशिवाय १९७४ घडले नसते. मात्र एक गोष्ट जोडतो. त्या कंपनीच्या 'ऑल-स्टार्स' मंचावर डझनभर पुरुषांमध्ये सेलिया ही बहुतेक वेळा एकटी बाई असे. तेथे तिला सौम्य, गोड गाणी दिली जात नव्हती आणि तिने ती मागितलीही नाहीत. सोनेओ हा मर्दानी मैदानाचा खेळ समजला जाई. तेथे ती त्यांच्याच नियमांनी खेळली. ला लूपेने नियम मोडून दाखवले, त्याची किंमत तिला द्यावी लागली. माझ्या संग्रहात दोघीही शेजारी आहेत.

प्रतिसाद ५

विषयाला धरूनच एक मुंबईची नोंद. सेलिया सोनोरात दाखल झाली त्याच १९५० साली 'समाधी' चित्रपट आला आणि त्यातले सी. रामचंद्र यांचे 'गोरे गोरे, ओ बाँके छोरे' देशभर वाजले. पुणतांब्याच्या या मराठी संगीतकाराने लॅटिन धाटणीची चाल हिंदीत इतकी सहज बसवली, त्यात त्यांच्यासोबत काम करणाऱ्या चिक चॉकलेट या गोव्याच्या तुतारीवादकासारख्या मंडळींचा वाटा मोठा होता. कावस लॉर्ड यांनी बोंगो आणि मराकास यांसारखी वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुळवली. म्हणजे या ठेक्याची ओळख आपल्या आजीआजोबांनाही होती, केवळ त्याचे गाव ठाऊक नव्हते.

धागालेखक

सुंदर जोड दिलीत. मात्र मुंबईला रुम्बा पोहोचला तो हॉलिवूडचे चित्रपट आणि बड्या हॉटेलांतले वाद्यवृंद यांच्या मार्गाने, म्हणजे बॉलरूमसाठी इस्त्री करून. सेलियाचा रुम्बा सांतोस स्वारेसच्या अंगणातला आहे. दोन्ही लागोपाठ ऐकले की इस्त्रीत काय गेले ते कळते.

प्रतिसाद ६

राजकारणाचा मुद्दा आपण हळूच टाळलात असे वाटले. कास्त्रोविरोधी मायामीने सेलियाला आपले प्रतीक केले आणि तिनेही ती भूमिका उघडपणे घेतली. क्यूबाच्या सरकारी रेडिओवर तिची गाणी दशकानुदशके वाजली नाहीत. तिकडे राहिलेल्या श्रेष्ठ संगीतकारांबद्दल तिला कधी चार चांगले शब्द सुचले नाहीत, असा आरोपही होतो. ज्या बाईला आईच्या अंत्यविधीला जाऊ दिले गेले नाही, तिच्याकडून समतोलाची अपेक्षा करणे मला व्यक्तिशः जमत नाही. तरी धाग्यात हे यायला हवे होते.

धागालेखक

टाळले नाही, लेख लांबला म्हणून राहिले. यात एक विसंगती फार बोलकी आहे. सुरुवातीच्या काळात सेलिया 'मिल दिएस' या रेडिओ केंद्रावर गात असे आणि ते केंद्र क्यूबातल्या साम्यवादी पक्षाचे होते. पुढे उघड झालेल्या अमेरिकी कागदपत्रांवरून असे दिसते की १९५०च्या दशकात साम्यवाद्यांशी संबंध असल्याच्या संशयावरून तिला अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला होता. म्हणजे एका सरकारने तिला डावी म्हणून दाराबाहेर ठेवले आणि दुसऱ्याने उजवी म्हणून. तिने स्वतः या पहिल्या भागाबद्दल बोलण्याचे कटाक्षाने टाळले.

मायामीचाच एक प्रसंग सांगतो, कारण तिच्या 'आसूकार!' या आरोळीचा उगम तेथे आहे. एका उपाहारगृहात वेटरने तिला कॉफी साखरेची की बिनसाखरेची असे विचारले. तो स्वतः क्यूबन. क्यूबन कॉफी इतकी कडक असते की बिनसाखरेची मागणारा माणूस क्यूबन असूच शकत नाही, म्हणून ती त्याच्यावर गमतीने उखडली आणि साखर घाल म्हणाली. हा किस्सा ती रोज कार्यक्रमात, वादकांना श्वास घेता यावा म्हणून, मध्येच सांगू लागली. एके दिवशी किस्सा गळला आणि नुसती 'साखर!' उरली, श्रोत्यांना तेवढीच पुरली. ज्या बेटावर तिच्या पूर्वजांना ऊस तोडण्यासाठी गुलाम करून नेले, त्या बेटाच्या एका मुलीने हा शब्द आनंदाची आरोळी म्हणून जगभर फिरवला. तिने यातला इतिहास मनात धरून तो निवडला असे म्हणणे ओढाताणीचे होईल. पण शब्द स्वतःचा इतिहास बरोबर घेऊन फिरतात.

प्रतिसाद ७

मी न्यूजर्सीत राहते आणि या धाग्यामुळे एक जुनी आठवण ताजी झाली. २००३ च्या जुलैमध्ये आम्ही येथे नवीन होतो, सेलिया कोण हे मला ठाऊक नव्हते. तिचे पार्थिव आधी मायामीला फ्रीडम टॉवरमध्ये नेले होते, जेथे एकेकाळी क्यूबाहून येणाऱ्या निर्वासितांची नोंदणी होत असे. नंतर ते न्यूयॉर्कला आणले आणि सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये प्रार्थना झाली. दूरदर्शनवर पावसात उभी असलेली माणसे दिसत होती. माझ्या कार्यालयात साफसफाईचे काम करणाऱ्या डॉमिनिकन मावशी त्या दिवशी सुटी घेऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी विचारले तर त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि तिथेच एक ओळ गाऊन दाखवली. मला शब्द कळले नाहीत. काही वर्षांनी रेडिओवर ऐकून ओळखले, ते 'किम्बारा' होते.

२०२४ साली अमेरिकेने पंचवीस सेंटच्या नाण्यावर सेलियाचे चित्र काढले आणि बाजूला 'आसूकार' असे कोरले. एक नाणे मला किराणा दुकानात सुट्या पैशांत मिळाले. तिची कबर ब्राँक्समधल्या वुडलॉन स्मशानभूमीत आहे असे वाचले होते. तेथे क्यूबाची माती आहे, हे खरे आहे का?

धागालेखक

होय. १९९० साली ती ग्वांतानामोच्या अमेरिकी नाविक तळावर कार्यक्रमासाठी गेली होती. तो तळ क्यूबाच्या भूमीवर आहे, परंतु क्यूबाच्या ताब्यात नाही. तीस वर्षांनंतर तिला पाय ठेवता आला तो एवढ्याच तुकड्यावर. तेथे तिने कुंपणाच्या जाळीखालून पलीकडची मूठभर माती एका पिशवीत भरून घेतली आणि ती आपल्याबरोबर पुरावी असे सांगून ठेवले. त्याप्रमाणे केले गेले. पेद्रो नाइट २००७ च्या फेब्रुवारीत वारला, तोही तेथेच तिच्या शेजारी आहे. थडग्याच्या घुमटीला खिडक्या आहेत, त्यांतून आत पाहता येते. तुम्ही जवळ राहता, तर कधी जाऊन या, आणि तेथे काय दिसले ते या धाग्यावर लिहा.

प्रतिसाद ८

क्लावेचा सराव केला. पहिले दहा प्रयत्न अकराव्या मात्रेवर चुकत होतो. काल रात्री 'बेम्बा कोलोरा' लावून टाळी धरली आणि शेवटपर्यंत टिकली. घरच्यांनी दार लावून घेतले, तो भाग वेगळा. आता ला लूपेचे कोणते गाणे आधी ऐकावे, हे प्रतिसाद ३ लिहिणाऱ्यांनी सांगावे.